पडण्याची लाज सोडा

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे सातपुड्यातल्या डाब-तोरणमाळ भागात गवतावरचे दव गोठते आणि दुसऱ्या दिवशी त्याचे छायाचित्र पेपरात येते. खानदेशाच्या वाट्याचा बर्फ एवढाच. साक्रीला तोही नाही. आमच्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीवर आणि मासळीच्या पेटीत. तरी गेल्या काही वर्षांत साक्री, पिंपळनेर, निजामपूर, दहिवेल या गावांतून मनालीला आणि काश्मीरला जाणारी कुटुंबे चांगलीच वाढली आहेत. नोकरदार जातात, कांद्याला भाव मिळालेल्या वर्षी शेतकरी जातात, नवी जोडपी तर जातातच. ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांच्या आजी-आजोबांचा मोठ्यात मोठा प्रवास सप्तशृंगी गडापर्यंतचा होता, त्यांची नातवंडे हिमालय पाहून येतात, याला कोणी नाक मुरडू नये. माझी तक्रार निराळी आहे. इतका पैसा आणि इतकी हौस खर्च करून आपण बर्फापर्यंत पोचतो आणि तिथे काहीही न शिकता परत येतो. पैसा कमी पडतो म्हणून नव्हे, वेळ नसतो म्हणूनही नव्हे. आपल्याला चारचौघांत पडण्याची लाज वाटते. ही लाज आपल्या समाजाला फार महाग पडली आहे, आणि ती सोडायला बर्फाइतकी चांगली जागा नाही, असे माझे ठाम मत आहे.

सोलंग नाल्यावर काय चालते ते पाहा. मनालीहून वर जाताना रस्त्याकडेला नंबर टाकलेली दुकाने ओळीने लागतात. ड्रायव्हर त्याच्या ठरलेल्या दुकानापाशी गाडी उभी करतो. तिथे भाड्याचा सूट आणि गमबूट मिळतात. मापाचे मिळाले तर नशीब. वर पोचल्यावर कोणीतरी पायांत स्की अडकवून देतो, दोन पोरे दोन्ही दंड धरून उभी राहतात, फोटो निघतो. वीस-पंचवीस पावले घसरवत नेतात, पुन्हा फोटो निघतो. मग स्नो स्कूटर, मग मॅगी, मग दुसरा पॉइंट. रात्री हॉटेलातून स्टेटस पडते, ‘मनालीत स्कीइंग’. गुलमर्गलाही तेच. टंगमर्गला कोट आणि लांब बूट भाड्याने घ्यायचे, वर गोंडोलाच्या रांगेत उभे राहायचे, फोटो काढून उतरायचे.

काही वर्षांपूर्वी सोलंगलाच आपल्याकडचे एक कुटुंब मला दिसले. परमुलखात अहिराणी कानावर पडली की पाय आपोआप थांबतात. वडिलांचे स्कीवरचे फोटो काढून झाले होते. धाकट्या मुलाला स्कीच्या पट्ट्या बांधायचे काम चालू होते. अकरा-बारा वर्षांची मुलगी ‘मालेबी, मालेबी’ करत बाजूला नाचत होती. वडील तिच्याकडे न बघता म्हणाले, “पडी जाशी!” बस, विषय संपला. मुलगा पडणार नव्हता असे नाही, तो पडला तर चालणार होते. आई सगळ्यांच्या चपला-बुटांची पिशवी सांभाळत उभी होती. स्कीवाल्या पोराने तिलाही विचारले, “भाभीजी, आप?” ती ओढणी तोंडाशी नेऊन हसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “माले? लोके काय म्हनतीन?” तिला ओळखणारे लोक दीड हजार किलोमीटरहून लांब होते. तरी त्या लोकांना ती सोबत घेऊनच आली होती.

आता शिकणे म्हणजे काय असते ते सांगते. मी आणि माझी भाची, आम्ही दोघींनी पुढे त्याच उतारावर एका स्थानिक शिक्षकाकडे धडे घेतले. वयाने तो माझ्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांपेक्षाही लहान. पहिला धडा बुटांचा. स्कीचे बूट टणक असतात, घोटा जरासाही वळू देत नाहीत आणि पायाला पुढच्या बाजूला कललेले ठेवतात. ते घालून नीट चालताही येत नाही. मोठा माणूस पहिल्या पाच मिनिटांत रांगत्या मुलासारखा होतो. दुसरा धडा पडण्याचा. होय, उभे राहण्याच्या आधी पडायला शिकवतात. कुशीवर पडायचे, उताराच्या वरच्या अंगाला पडायचे, मागे बसायचे नाही, हातातल्या काठ्या सोडून द्यायच्या, पडताना हात जमिनीवर रोवायचा नाही. मग उठायचे कसे? दोन्ही पट्ट्या अंगाच्या खालच्या बाजूला आणायच्या, उताराला आडव्या लावायच्या, त्यांच्या कडा बर्फात रुतवायच्या आणि मग अंग वर उचलायचे. पट्ट्यांची टोके खालच्या दिशेला राहिली तर उठता उठताच माणूस पुन्हा घसरतो. हा एवढा धडा गिरवण्यात आमची पहिली सकाळ गेली.

चढायचेही शिकावे लागते. नवशिक्याला लगेच रोपवेने वर नेत नाहीत. उताराला आडवे उभे राहून एकेक पाऊल बाजूला टाकत, कडा रुतवत वर जायचे, आणि अर्ध्या मिनिटात खाली यायचे. धाप लागते, मांड्या भरून येतात. खाली येताना वेग आवरायचा तर पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची लांब करायची. पाचर मारल्यासारखा आकार होतो आणि वेग कमी होतो. उजव्या पायावर भार टाकला की डावीकडे वळण, डाव्यावर टाकला की उजवीकडे. ऐकायला सोपे आहे. जमायला वेळ लागतो, कारण शरीर उलटे सांगत असते. उतार दिसला की भीतीने माणूस मागे झुकतो. मागे झुकले की भार टाचांवर जातो, पट्ट्यांची पुढची बाजू हलकी होते, त्या वळेनाशा होतात आणि आणखी जोरात पळतात. म्हणजे भीतीपोटी आपण जे करतो त्यानेच पडतो. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून, गुडघे पुढे काढून, अंग उताराच्या दिशेने द्यावे लागते. आमचा शिक्षक हिंदीत एवढेच सांगे, “डर लगे तो और आगे.” मी पंचवीस वर्षे वर्गात शिकवले, पण भीतीबद्दल इतके नेमके वाक्य मला कधी सापडले नव्हते.

भाचीने नंतर स्नोबोर्डही घेतला. त्यात दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे जखडलेले असतात आणि काठ्या नसतात. सुरुवातीचे दिवस स्कीपेक्षा कठीण जातात. नवशिका गुडघ्यांवर नाहीतर पार्श्वभागावर सारखा आपटतो आणि हात टेकवायला गेला तर मनगट दुखावतो. म्हणून मूठ मिटून, कोपरापासूनच्या हातावर पडायचे असते. तिलाही आधी पडायलाच शिकवले.

तिथे एक गोष्ट मी बारकाईने पाहिली. उतारावर पाच वर्षांची पहाडी मुले होती, पन्नाशीचे परदेशी पाहुणे होते, दिल्ली-पंजाबकडचे कॉलेजातले तरुण होते. सगळे पडत होते. पहाडी मूल पडले की उठून पळे. पाहुणा पडला की बर्फ झटके. आपल्याकडचा माणूस पडला की आधी इकडेतिकडे पाहून घेई, कोणी पाहिले तर नाही ना. त्या एका नजरेत आपले सगळे शिक्षण दिसते.

ही लाज आपण जन्माला घेऊन येत नाही. चालायला शिकणारे मूल दिवसभर पडते आणि घरातली माणसे टाळ्या वाजवतात. तेच मूल शाळेत फळ्यापाशी चुकले की वर्ग हसतो, आणि मास्तर हसू देतात. मग ते हात वर करायचे सोडते. मोठे होऊन नोकरीला लागले, गावात ‘साहेब’ किंवा ‘भाऊसाहेब’ झाले की शिकणेच बंद. संगणक येत नसेल तर शिपायाकडून करून घ्यायचे, पोहता येत नसेल तर ‘मला पाणी सोसत नाही’ म्हणायचे, इंग्रजी येत नसेल तर गप्प बसायचे. नवशिक्या होणे म्हणजे मान खाली घालणे, असे आपण मनाशी ठरवून टाकले आहे. त्यातून शिकवणारा वयाने लहान, जातीने किंवा पैशाने खालचा मानलेला असेल तर विचारायलाच नको. चाळिशीच्या अधिकाऱ्याने विशीतल्या पहाडी पोराचे ऐकायचे, ‘नाही साहेब, परत करा’ असे त्याने म्हटले की परत करायचे, हे आपल्याला पचत नाही. म्हणून आपण शिक्षक न घेता दंड धरणारी दोन पोरे घेतो. ती आपल्याला पडू देत नाहीत, आणि म्हणून शिकूही देत नाहीत.

बायकांच्या बाबतीत ही लाज जिवावर उठते. साक्री तालुक्यात पांझरा आहे, कान आहे, लाटीपाडा आणि मालनगावची धरणे आहेत, गावोगाव विहिरी आणि शेततळी आहेत. तरी पोहता येणारी बाई शोधायला निघा. मुलाला चुलता-मामा कमरेला दोर किंवा डबा बांधून विहिरीत ढकलतो, तो गटांगळ्या खात शिकतो. मुलीला काठावर बसवून ठेवतात. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी येते, कपडे धुवायला गेलेली मुलगी पाय घसरून बुडाली, तिला वाचवायला गेलेली बहीण किंवा आईही बुडाली. आपण हळहळतो आणि पान उलटतो. त्या मुलीला पोहायला शिकवले असते तर अंग ओले झालेली ती चारचौघांना दिसली असती, एवढेच झाले असते. ते टाळण्यासाठी केवढी किंमत! बर्फावर ‘पडी जाशी’ म्हणून मुलीला मागे खेचणारा हात आणि विहिरीच्या काठावर तिला बसवून ठेवणारा हात एकच आहे.

स्कीइंग हा श्रीमंतांचा चोचला आहे, आपल्याला काय करायचे, असे कोणी म्हणेल. त्यांनी या खेळाचे मूळ पाहावे. नॉर्वेतल्या टेलेमार्क भागात मोर्गेदाल नावाचे गाव आहे. तिथला सोन्द्रे नोरहाइम (1825-1897) हा आधुनिक स्कीइंगचा जनक मानला जातो. तो कुणी सरदार नव्हता. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा गरीब कूळ होता. वळलेल्या फांद्यांचा बंध टाचेमागून घेऊन पाय पट्टीला घट्ट कसा बांधावा, हे त्याने स्वतःच्या पायांवर प्रयोग करून बसवले. 1868 साली राजधानीत, म्हणजे आजच्या ओस्लोत, भरलेली स्पर्धा त्याने जिंकली तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. त्याच मुलखातून अमेरिकेत गेलेल्या जॉन थॉम्पसनने 1856 पासून वीस वर्षे हिवाळ्यात सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून स्कीवरून टपाल वाहिले. शेतात जाणे, लाकूड आणणे, टपाल पोचवणे यांसाठी कष्टकऱ्यांनी घडवलेली ही विद्या. हॉटेलवाले आणि फॅशनवाले तिच्यापाशी खूप नंतर आले.

आपल्या देशात ती साहेबांबरोबर आली, हे खरे. 1927 साली गुलमर्गला ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला. पण स्वातंत्र्य मिळाल्यावर दुसऱ्याच वर्षी, 1948 मध्ये, जनरल थिमय्यांनी तिथे लष्कराची स्की शाळा सुरू केली. तिचीच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. मनालीला 1961 पासून गिर्यारोहण संस्था आहे, आज ती अटलबिहारी वाजपेयींच्या नावाने ओळखली जाते आणि स्कीचे प्राथमिक, मध्यम, प्रगत असे वर्ग घेते. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमाने वर्षानुवर्षे स्कीचे वर्ग चालवले आहेत. या सगळ्या सरकारी संस्था. मनालीच्या संस्थेत दोन आठवड्यांच्या प्राथमिक वर्गाच्या शुल्कातच राहणे, जेवण आणि साहित्य धरलेले असते. पाच दिवसांत सात पॉइंट फिरवणाऱ्या सहलीवर आपली कुटुंबे जो खर्च करतात, त्याच्याशी हे शुल्क एकदा ताडून पाहा. लग्नाआधीच्या फोटोशूटवर जो पैसा उधळतो त्याच्याशीही पाहा.

बर्फावर शिकलेली आपल्या देशातली माणसे कोण आहेत? गुलमर्गच्या आरिफ खानच्या वडिलांचे तिथे स्कीच्या साहित्याचे दुकान होते. तो 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला भारताचा एकमेव खेळाडू म्हणून गेला, जायंट स्लालम या रोवलेल्या खांबांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीत पंचेचाळिसावा आला आणि स्लालममध्ये शर्यत पुरी करू शकला नाही. मनालीजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर जानेवारी 2018 मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आली. स्कीइंगमधले भारताचे ते पहिले आंतरराष्ट्रीय पदक. मला मात्र या दोघांच्याही आधी शैलजा कुमार आठवते. 1988 च्या कॅलगरी हिवाळी ऑलिम्पिकला गेलेली ती पहिली भारतीय स्त्री. स्लालममध्ये तिचा क्रमांक अठ्ठाविसावा लागला, आणि शर्यत पूर्ण करणाऱ्यांत तो शेवटचा होता. आपल्याकडे शेवटचा क्रमांक म्हणजे तोंड लपवण्याची गोष्ट. पण त्या दिवशी तिच्याहून कितीतरी नावाजलेल्या खेळाडू मधेच पडून बाद झाल्या होत्या. शैलजा दोन्ही फेऱ्या पुऱ्या करून खाली पोचली. ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मुलींचे डोळे कसे होतात ते पालकांनी एकदा येऊन पाहावे.

आता गुलमर्गच्या स्लेजबद्दल बोलले पाहिजे. लाकडी पाट्यासारखी गाडी, तिला दोर, आणि तो दोर ओढणारा माणूस. धडधाकट प्रवासी तिच्यावर बसतो, मोबाइल वर धरून स्वतःचे चित्रीकरण करतो, आणि पुढे दोराला वाकलेला माणूस बर्फातून त्याला ओढत नेतो. खाली उतरल्यावर शंभर रुपयांवरून घासाघीस होते. आपण खानदेशी माणसांनी तरी हे करू नये. दरवर्षी आपल्याच तालुक्यातले बिऱ्हाड घेऊन ट्रकवर चढणारे ऊसतोड मजूर आपण पाहतो. भाडण्याचा पांझरा-कान साखर कारखाना बंद राहिला तेव्हा किती हात रिकामे झाले, हेही आपल्याला माहीत आहे. पाठ वाकवणाऱ्या कामाची किंमत आपल्याला दुसऱ्याने सांगायची गरज नाही. स्लेजवाल्याचे पोट या कामावर आहे, म्हणून त्याला हाकलून देऊ नका. त्याला विचारा, तुला स्की येते का, तुझ्या मुलाला येते का, मला शिकवशील का. त्या खोऱ्यांतली कितीतरी तरुण पोरे उत्तम शिक्षक आहेत. ओढणारा म्हणून घ्यायचा तोच माणूस शिक्षक म्हणून घेतला तर त्याला पैसे जास्त मिळतात, आपल्याला विद्या मिळते, आणि दोघांची मान ताठ राहते. ज्याला आपण ‘अरे’ म्हणणार होतो त्याला ‘सर’ म्हणावे लागते, हा त्यातला सर्वांत मोठा फायदा.

आणि मग आपल्या पश्चिम पट्ट्यातली मुले. साक्री हा विधानसभेचा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. पिंपळनेरच्या पलीकडे कोकणी, भिल्ल, मावची वस्ती आहे. मार्गशीर्षात तिथे डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो, रात्र रात्र नाचून पौर्णिमेला माणसे डोंगरावरच्या देवाकडे जातात. पावसाळ्यात तिकडची पोरे झाडाची फांदी बुडाखाली घेऊन चिखलाच्या उतारावरून सुसाट खाली येतात. तोल, धाडस, पडून लगेच उठणे, हे सगळे त्यांच्या अंगात मुरलेले आहे. फुकट मिळालेल्या या गुणाला आपण दाद देत नाही, उलट ‘रानटी खेळ’ म्हणून मोडता घालतो.

ही मुले बर्फावर जाऊन शिकू शकतात की नाही, हा प्रश्न उरलेला नाही. तेलंगणातल्या समाजकल्याण निवासी शाळेची मालावत पूर्णा 25 मे 2014 रोजी एव्हरेस्टवर पोचली तेव्हा ती चौदा वर्षांचीही नव्हती. आपल्या राज्यात आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासनाने ‘मिशन शौर्य’ हाती घेतले. बोर्डा, देवाडा, जिवतीच्या आश्रमशाळांतली मुले निवडली, त्यांना दार्जिलिंग-लडाखला नेऊन तयार केले, आणि मे 2018 मध्ये मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी, प्रमेश आळे, कवीदास काठमोडे, विकास सोयाम हे पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. पुढच्या वर्षी राज्याच्या इतर भागांतल्या आश्रमशाळांचीही मुले गेली. ज्यांनी या मोहिमेत येण्याआधी बर्फ डोळ्यांनी पाहिला नव्हता, अशी ही मुले. एव्हरेस्ट जमते तर मनालीचा दोन आठवड्यांचा स्की वर्ग का जमू नये? एव्हरेस्टला दहा-वीस मुले जातात आणि जीव धोक्यात घालून जातात. स्की शिकायला त्याहून पुष्कळ जास्त मुले, पुष्कळ कमी जोखमीत आणि कमी खर्चात जाऊ शकतात. 2020 पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात, लेहच्या बर्फावर स्केटिंगमध्ये महाराष्ट्राची मुले पदकेही मिळवतात. त्या संघात साक्रीच्या डोंगराकडचे एखादे नाव का नसावे? धुळ्याला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. तिथे हा प्रस्ताव कोणीतरी नेला पाहिजे. लोकप्रतिनिधींनी नेला तर उत्तमच; नाही नेला तर शिक्षकांनी न्यावा.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर लागतात तिथे बर्फावरचे खेळ सुचतात कसे, असे एक सद्‍गृहस्थ मला म्हणाले. त्यांचे स्वतःचे काश्मीर दोनदा झालेले आहे. गरिबाच्या मुलाला पाणी दिले पाहिजे, यात वाद नाही. पण पाणी मिळेपर्यंत त्याने दुसरे काहीच मागू नये, हे कोणी ठरवले? आपल्या मुलांना क्लास, क्रिकेट, सहल सगळे हवे, आणि आश्रमशाळेच्या मुलाला फक्त खिचडी आणि गणवेश, ही वाटणी मला मान्य नाही.

धोक्याचा आक्षेप जास्त गंभीर आहे. 8 फेब्रुवारी 2010 ला गुलमर्गच्या लष्करी शाळेचे प्रशिक्षणार्थी जवान हिमस्खलनात गाडले गेले. फेब्रुवारी 2024 मध्येही तिथे एक परदेशी स्कीअर हिमस्खलनात गेला. पण आखलेल्या, तपासलेल्या नवशिक्यांच्या उतारावर शिक्षकासोबत शिकणे वेगळे, आणि राखलेली हद्द सोडून वरच्या डोंगरात घुसणे वेगळे. शिकलेला माणूसच ही हद्द ओळखतो. न शिकलेला फोटोसाठी दोरी ओलांडतो. 22 एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यात 26 माणसे गेली, त्यांत महाराष्ट्राची सहा होती, आणि पर्यटकांना वाचवताना जीव दिलेला एक स्थानिक घोडेवालाही होता. ज्याचे मन काश्मीरला जायला धजत नाही त्याच्यावर कोणी जबरदस्ती करू नये. बर्फ हिमाचलातही पडतो.

डोंगराला हा भार सोसत नाही, हा आक्षेप मात्र मी पूर्णपणे स्वीकारते. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठच्या घरांना तडे गेले, औलीला जाणारा रोपवे बंद ठेवावा लागला. जानेवारी 2024 मध्ये ऐन हंगामात गुलमर्ग कोरडे होते, आणि 2025 च्या खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीवरून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. हिमालय दमला आहे. म्हणूनच सात पॉइंटांची धावपळ थांबवा म्हणते. दरवर्षी डिझेल जाळत सगळ्या खिंडी पालथ्या घालण्यापेक्षा आयुष्यात एकदा जा, एका गावात दोन आठवडे राहा, तिथल्याच माणसाच्या घरी जेवा, त्याच्याच हाताखाली शिका. प्लास्टिकचा रेनकोट आणि वेफर्सची पाकिटे बर्फात टाकून येणारी माणसे तिथे शिकायला आलेली नसतात. ज्या उतारावर आपण दहादा पडून उठलो, त्यावर कचरा टाकायला हात धजत नाही.

तेव्हा साक्री-पिंपळनेरच्या ज्या घरांत येत्या हिवाळ्याच्या सहलीचे बेत चालू आहेत, त्यांना माझी विनंती आहे. ट्रॅव्हल्सवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी मनालीच्या किंवा गुलमर्गच्या सरकारी संस्थेचे वेळापत्रक, वयाची आणि तब्येतीची अट पाहून घ्या. अट आड आली तर चार दिवस एक चांगला स्थानिक शिक्षक लावा. आईनेही स्की बांधावी. पिशवी तासभर वडिलांनी धरावी. आणि मुख्याध्यापक-शिक्षकांना विनंती, की आपल्या शाळेतली मुले निवडून प्रस्ताव करा आणि धुळ्याच्या प्रकल्प कार्यालयात नेऊन द्या; तो फिरवून परत आला तर पुन्हा द्या. यादी करताना पहिली नावे मुलींची लिहा.